मागचा डावा स्पीकर

तिला सगळे सिस्टरच म्हणत. वॉर्डातले पेशंट म्हणत, ते ठीक. गल्लीतले म्हणत, दूधवाला म्हणे, तेही एकवेळ चालून जाईल. पण तिचा नवराही तिला सिस्टर म्हणायचा, तेही चारचौघांत, आणि वर स्वतःच हसायचा. लग्न झालं तेव्हापासूनचा हा विनोद. सुरुवातीला ती लाजली, पुढे चिडली, आणि मग कधीतरी तिचं त्यावरून लक्षच उडालं.

सिस्टरची ड्यूटी कायम रात्रीची. जग उठून चूळ भरत असायचं तेव्हा हिची रात्र सुरू व्हायची. घरी यायचं, सुजलेले पाय कोमट पाण्यात बुडवायचे, दोन घास पोटात ढकलायचे आणि खिडकीचा पडदा ओढून आडवं व्हायचं. पडदा तिने मुद्दाम जाड कापडाचा शिवून घेतला होता. उजेडाचा बंदोबस्त झाला. आवाजाला पडदा कुठे मिळतो?

आणि आवाज तरी कुठून यावा, तर घरातूनच! नवऱ्याची उभी हयात पत्र्याच्या कारखान्यात प्रेस मशीनवर गेली. धाड, धाड, धाड. रिटायर झाल्यावर माणसाने जरा शांततेत बसावं की नाही? याने होम थिएटर आणलं. भिंतीवर टीव्ही, खोलीभर पाच स्पीकर, कोपऱ्यात एक जाडजूड वूफर, आणि या सगळ्या फौजेचा म्होरक्या म्हणून एक काळा ठोकळा. त्याला रिसीव्हर म्हणायचं. घरात माणसं दोन, त्यातलं एक झोपलेलं, आणि स्पीकर पाच.

"जरा हळू लावा हो," असं ती आतून ओरडायची.

"हो हो," असं बाहेरून यायचं, आणि पुढच्याच मिनिटाला पडद्यावर कुणाची तरी गाडी कठड्यावर आदळायची ती थेट हिच्या पलंगाखाली.

पहिले पहिले ती उठून भांडायला जाई. मग भांडायचीही ताकद उरली नाही. खरं तर बोलायचीच उरली नव्हती. पूर्वी सकाळी आल्या आल्या ती त्याला वॉर्डातलं सगळं सांगायची. कोण सुधारलं, कोण गेलं, कुठला म्हातारा रात्री उठून घरी निघाला होता. अलीकडे तो नुसता "हं, हं" करायचा. एकदा कुणी गेल्याचं सांगितलं तर त्यावर हसला. त्या दिवशी तिने तोंड मिटलं ते मिटलंच. याला आता माझ्यात रस नाही, एवढं तिने मनाशी धरलं. लेकीचा फोन आला तरी हा दोन शब्द बोलून "घे, आईशी बोल" म्हणून फोन हिच्या हातात कोंबायचा. लेकीतही रस नाही. रस काय तो त्या ठोकळ्यात.

मागच्या आठवड्यात झोपेच्या गुंगीत तिने एकाची गोळी दुसऱ्याच्या वाटीत टाकली. "सिस्टर, माझी तर पांढरी असते," असं पेशंटच म्हणाला म्हणून निभावलं. मेट्रन ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे ड्रॉवरमधून एक किल्ली काढून समोर ठेवली. "क्वार्टर्समध्ये खोली रिकामी होतेय. तिथे राहायला ये आणि झोप पुरी कर. नाहीतर मला तुला वॉर्डातून काढावं लागेल."

किल्ली पर्समध्ये टाकून ती घरी आली. सांगायचं कसं, याची सगळ्या रस्त्याने जुळवाजुळव केली आणि शेवटी स्वयंपाकघरात भांडी घासता घासता, पाठमोरीच, नळाची धार चालू असतानाच बोलून टाकलं. "मी एक तारखेपासून क्वार्टर्सवर राहायला जातेय."

"बरं बरं," नवरा बाहेरून म्हणाला.

तिने नळ बंद केला. पुढे काही येईल म्हणून वाट पाहिली. का, कशाला, किती दिवस, असलं काहीतरी. काही आलं नाही. इतकी वर्षं एका ताटात जेवलेल्या बायकोने घर सोडते म्हटलं आणि या गृहस्थाने बरं बरं म्हणून चॅनल बदललं! तिने उरलेली भांडी तशीच ठेवली आणि पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रडूही आलं नाही, इतकी ती दमली होती.

आता गोधडीची गोष्ट.

दोन दिवसांनी नवरा ठोकळा चालूच ठेवून भाजी आणायला बाहेर पडला. सिस्टर उठली. रिमोट हातात घेतला तर त्यावर बटणंच बटणं, एकाचाही उलगडा होईना. डोळे मिटत होते. मग तिने कपाटातली जाड गोधडी काढली आणि टीव्हीखालच्या छोट्या कपाटात बसवलेल्या त्या रिसीव्हरवर टाकली. बाळाला गुंडाळतात तशी चारही बाजूंनी नीट खोचली. आवाज स्पीकरमधून येतो, ठोकळ्यातून नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण झोपेने बधिर झालेल्या डोक्याला कोण सांगणार? आवाज तसूभरही कमी झाला नाही. मात्र आपण काहीतरी केलं, या समाधानात तिचा डोळा लागला.

जाग आली ती करपल्यासारख्या वासाने. नवरा दारात भाजीची पिशवी टाकून धावत आला होता. त्याने गोधडी ओढून काढली, प्लग उपटला आणि ठोकळ्याला हात लावून चटकन मागे घेतला. तव्यासारखा तापला होता तो. थोड्या वेळाने पुन्हा लावून पाहिला तर चालू व्हायलाच तयार नाही, नुसता लाल दिवा लुकलुकायचा. आता हा आपल्यावर ओरडणार, असं तिला वाटलं. तो ओरडला नाही. त्याने गोधडीची घडी घातली, कपाटात ठेवली आणि साउंडवाल्याला निरोप पाठवला. तिला त्याच्या त्या गप्प राहण्याचाच राग आला.

साउंडवाला दुसऱ्या दिवशी दुपारी आला. पन्नाशीचा, गुडघ्यांनी बेजार झालेला, खाली बसताना "आई गं" आणि उठताना "अरे देवा" म्हणणारा. आल्या आल्या त्याने आधी प्लग बाहेर आहे ना ते पाहिलं, मग ठोकळा टीव्हीखालच्या कपाटातून ओढून त्याच्या पाठीवर टॉर्च मारला.

"काका, ही जोडणी कुणाची?"

"मीच केली," नवरा म्हणाला.

"तरीच. हे बघा, या वायरीची एक तार बाहेर निघून शेजारच्या स्क्रूला टेकलीय. एवढ्यानं मशीन जळतं. शिवाय बंद कपाटात कोंबलंय. आणि वरून म्हणे गोधडी?" त्याने सिस्टरकडे पाहिलं. "सिस्टर, तुमच्या पेशंटच्या नाकावर तुम्ही उशी दाबाल का? ही वरची जाळी म्हणजे याचं नाक. गरम हवा इथूनच बाहेर पडते. नशीब, यानं स्वतःच स्वतःला बंद करून घेतलं."

तिने मान खाली घातली. वॉर्डात मशीनवर कुणी साधा रुमाल टाकला तरी ती अंगावर जायची.

त्याने सगळ्या वायरी सोडवल्या. टोकं नव्याने सोलली, तारा पिळून एक केल्या, लाल ती लालला आणि काळी ती काळीला, अशा एकेक करून घट्ट बसवल्या. ठोकळा मोकळ्या टेबलावर आणला, वर आणि बाजूंना वीतभर जागा सोडली. इस्त्रीबरोबर एकाच बोर्डावर गुंतलेला प्लग काढून भिंतीतल्या अर्थिंगच्या सॉकेटमध्ये घातला. मग आवाज अगदी तळाला नेऊन मशीन चालू केलं. लाल दिवा गेला, निळे आकडे आले.

"नवीन जोडणी केली की आवाज नेहमी तळापासून वर न्यायचा," तो म्हणाला. "एकदम चढवलात तर स्पीकर फाटतो, नाहीतर कान. आता काका, तुम्ही नेहमीच्या जागी बसा. प्रत्येक स्पीकरमधून पाळीपाळीनं बारीक श्श्श असा आवाज येईल. आला की हात वर करायचा. बोलायचं नाही."

नवरा सोफ्यावर मधोमध बसला, परीक्षेला बसल्यासारखा. सिस्टर बाजूच्या खुर्चीवर टेकली होती. झोपायला जायची सोय नव्हती, पलंगावर साउंडवाल्याने सामान पसरलं होतं.

समोरचा डावा. श्श्श. तिने सहज तिकडे पाहिलं. नवऱ्याने हात वर केला. मधला. हात वर. समोरचा उजवा. हात वर. मागचा उजवा. तिने मान वळवली. हात वर.

मग तिचे डोळे मिटले. मुद्दाम नाही, आपोआप. मिटल्या डोळ्यांनीही तिला मागच्या डाव्या कोपऱ्यातून श्श्श स्पष्ट ऐकू येत होतं, सलाइनच्या खोलीतला पंखा वाजतो तसं.

"काका, आला?"

"अजून नाही."

साउंडवाल्याने आवाज थोडा चढवला. "आता?"

"छे."

"अरे देवा," म्हणत तो उठला, मागे गेला, वायर हलवून पाहिली. "जोडणी तर ठीक आहे." त्याने परत येऊन तो आवाज बंद केला. खोलीत एकदम सामसूम झाली.

सिस्टरने त्रासून डोळे उघडले आणि मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "अहो, येत तर होता की इतका वेळ!"

नवऱ्याने तिच्या बोटाकडे पाहिलं आणि झटकन हात वर केला. "हां हां, आला. आता आला."

खोलीत कसलाही आवाज नव्हता.

साउंडवाल्याने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर नवऱ्याकडे बघत राहिली. त्याचा हात अजून वरच होता आणि डोळे तिच्या तोंडावर खिळलेले होते. याने एकदाही कानांनी ऐकलं नव्हतं. तिची नजर कुठे जाते ते बघून तो हात वर करत होता. तिने डोळे मिटले आणि बिचाऱ्याचा आधारच गेला.

साउंडवाला शहाणा होता. "काका, मधला स्पीकर जरा वाढवून देतो," तो पुरेशा मोठ्या आवाजात, समोर येऊन म्हणाला. "बोलणं सगळं त्यातूनच येतं. वूफर उतरवतो. आणि रात्रीसाठी एक सोय आहे. ती लावली की धडाम् धुडूम दबतं, बारीक आवाज वर येतो."

"आमच्याकडे रात्र दिवसा असते," सिस्टर म्हणाली.

"असू दे की. मशीनला काय कळतंय!" त्याने ते बटण दोघांनाही दाखवलं, सामान आवरलं आणि दारापर्यंत आलेल्या सिस्टरला हळूच म्हणाला, "तुमच्या दवाखान्यात बघतात ना कानाचं?"

बघतात. दुसऱ्या मजल्यावर बघतात. त्या दारावरून ती रोज जायची.

आत आली तेव्हा नवरा टीव्ही बंद करून बसला होता.

"आवाज येतो गं," तो आपणहून म्हणाला. "शब्द येत नाहीत. नुसता गलबला येतो."

"कधीपासून?"

"कारखान्यातच सुरू झालं होतं. आता फार वाढलंय. दुकानदार म्हणाला, याच्यावर शब्दन् शब्द कळतो. म्हणून आणलं."

"मग मला सांगायचं नाही?"

तिने ते जमिनीकडे बघत विचारलं होतं. त्याने वाट पाहिली. तिच्या लक्षात आलं. तिने मान वर केली आणि त्याच्याकडे बघून पुन्हा विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"तू रात्रभर पेशंटच बघतेस. घरी आल्यावर आणखी एक कशाला?"

सिस्टरला भडभडून आलं. राग त्याचा आला, स्वतःचाही आला. रस नाही म्हणे! माणूस तिच्या ओठांकडे आशेने बघत "हं, हं" करत होता आणि ही तोंड फिरवून बसली. ती उठली आणि त्याच्या समोरच्या स्टुलावर, उजेडाकडे तोंड करून बसली. पाय ठणकत होते. रात्री पुन्हा ड्यूटी होती. झोप आजही बुडालीच होती.

"उद्या सकाळी मला घ्यायला या," ती सावकाश म्हणाली. "तिथेच कान दाखवू."

"काय म्हणालीस?"

हा प्रश्न त्याने कितीतरी दिवसांत विचारला नव्हता. विचारला की ती "कान काय गहाण ठेवलेत?" म्हणून फाडकन बोलायची, म्हणून त्याने विचारणंच सोडून दिलं होतं. तिने पुन्हा सांगितलं. त्याने मान हलवली, मग जरा चाचरत म्हणाला, "त्या दिवशी तू आतून काहीतरी म्हणालीस बघ. भांडी घासत होतीस. मी उगाच बरं बरं म्हटलं. तेव्हापासून तू गप्प आहेस. काय म्हणत होतीस?"

पर्स तिच्या खांद्याशीच खुंटीला लटकत होती, किल्लीसकट.

"काही नाही हो," सिस्टर म्हणाली, आणि एकेक शब्द त्याला दिसेल असा उच्चारत पुढे म्हणाली, "साखर संपलीय, म्हटलं."

"एवढंच ना? मग पुन्हा नाही का सांगायचं!" तो लगबगीने उठून स्वयंपाकघरात गेला. डबा उघडल्याचा आवाज आला. मग तो डबा दोन्ही हातांत धरून दारात आला. डबा गळ्यापर्यंत भरलेला होता.

तो डब्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. "सिस्टर," तो म्हणाला, आणि या वेळी हसला नाही, "खरं सांग. काय म्हणाली होतीस?"