आडवा नेलेला रेंजर

आमच्या सोसायटीत मला अजून 'रेंजरसाब' म्हणतात. कुणाचा मोगरा सुकला, कुणाच्या तुळशीला कीड लागली, की माझी बेल वाजते. "रेंजरसाब, जरा देखो ना." मी रेंजर नाही, कधीच नव्हतो. हे इतक्यांदा सांगून झालंय की आता सांगणंच सोडलंय. मुकाट जातो, कुंडीतलं पाणी कमी करा म्हणतो आणि परत येतो.

वनशास्त्र मात्र मी शिकलो, चांगली चार वर्षं, कोकणातल्या एका विद्यापीठात. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. आम्ही गिरगाव सोडून मीरा रोडला नवीन आलो होतो आणि खिडकीतून दिसणारी शेवटची हिरवी जागा पत्रे ठोकून बंद केली जात होती. बारावीला मला बरे मार्क पडले, पण डॉक्टर होण्याइतके नाही. बाबा फोर्टातल्या एका ऑफिसात कारकून. त्यांनी कुठूनतरी ऐकलं, हा कोर्स केला की पोरगा परीक्षा देऊन जंगलखात्यात रेंजर होतो. खाकी वर्दी, जीप, सरकारी बंगला. त्या दिवसापासून ते मला घरातही 'काय रेंजर' म्हणायला लागले आणि सोसायटीने ते उचललं.

प्रवेशाच्या दिवशी पाच टेबलांवर माझे कागद तपासले. दाखला बघितला, फोटो बघितला, सही बघितली. माझ्याकडे एकानेही बघितलं नाही. बघितलं असतं तर तिथेच सांगता आलं असतं, बाबा रे, तू बुटका आहेस.

कारण रेंजरला ठरावीक उंची लागते. हे मला तिसऱ्या वर्षी कळलं, तेही एका सीनियरकडून. तो जेवता जेवता माझ्याकडे खालून वर बघत म्हणाला, "तू बसशील का रे मापात?" मला वाटलं, चेष्टा करतोय. खोलीवर येऊन भिंतीला टेकून मापलं, तर दोन बोटं कमी! सरांकडे गेलो. सर म्हणाले, "अरे, वय आहे तुझं, वाढशील." वाढशील म्हणे! मी काय साग होतो?

आणि गंमत बघा, त्या वर्षी आम्हाला झाडांची उंची मोजायलाच शिकवत होते. हात लांब करून हाताएवढीच काठी उभी धरायची, झाडाचा बुंधा आणि शेंडा काठीत बसेपर्यंत मागे सरकायचं आणि पावलं मोजून उंची सांगायची. मी त्यात वर्गात पहिला. ऐन, किंजळ, साग, कुठलंही झाड दाखवा, माझा अंदाज फुटाच्या आत यायचा.

पदवी घेऊन घरी आलो आणि उंची वाढवण्याचा कारखाना सुरू झाला. सकाळी गच्चीवर टाकीच्या पाइपला लटकायचं. आई ग्लासभर दूध घेऊन खाली उभी. "तुमच्याच घराण्याची उंची ही," ती बाबांना ऐकवायची. बाबा माझ्यापेक्षाही बोटभर कमी. ते नुसते पाइप हलतोय का ते बघायचे. खाली गाडी पुसणारा भैया रोज विचारायचा, "कितना हुआ, साब?" संताप व्हायचा, पण लटकायचो.

संध्याकाळी चालण्याचा सराव. चार तासांत पंचवीस किलोमीटर चालून दाखवावं लागायचं. मी घरून हायवेने घोडबंदरच्या किल्ल्यापर्यंत जायचो आणि परत यायचो. रिक्षावाले हळू होऊन विचारायचे, "किधर जाना है?" "कहीं नहीं," म्हटलं की वेड्याकडे बघावं तसे बघायचे. चालण्यात मला कुणी हरवलं नसतं, हे आजही छातीठोकपणे सांगतो.

लेखी परीक्षा पास झालो. मोजमापाला पुण्याला बोलावलं. पाइपाने एक बोट दिलं होतं, एक अजून बाकी होतं. तेव्हा बाबांनी ऑफिसातून शोध लावून आणला. माणूस झोपून उठतो तेव्हा थोडा उंच असतो आणि दिवसभर बसून-उभं राहून दबतो. म्हणजे पोराला पुण्यापर्यंत बसू द्यायचंच नाही!

शेजारच्या गुजराती काकांचा फर्निचर पोचवायचा टेम्पो होता. त्यात आमची कापसाची गादी टाकली. पहाटे बाबा आणि काकांनी मला पलंगावरून उचललं, जिन्यातून खाली आणलं आणि आडवं ठेवलं. मी पायाने चाललो असतो तर काय आभाळ कोसळणार होतं? पण बाबा ऐकायला तयार नव्हते. अर्धी बिल्डिंग बाल्कनीत जमली होती. आईने माझ्या तोंडात पडल्या पडल्याच दही घातलं. काका म्हणाले, "हिलना मत, बेटा."

घोडबंदर रोडवर खड्डेच खड्डे. बाबा माझ्या डोक्याशी बसले होते. खड्डा आला की दोन्ही हातांत माझं डोकं धरायचे आणि पुढे ओरडायचे, "अहो हळू, दबतोय तो!" एका सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने आत डोकावलं, मला आडवं पडलेलं बघितलं, बाबांचा चेहरा बघितला आणि पटकन हात जोडले. मला हसू फुटलं. "हसू नकोस, आखडशील," बाबा म्हणाले.

पुण्यात मैदानाच्या फाटकात मला उभं केलं. बाबांना आत सोडलं नाही. रांगेत माझ्या पुढे एक इंजिनियर होता, ताडमाड. त्यालाही ही परीक्षा देता येत होती. त्याने मला विचारलं, "ऐन आणि अर्जुन यांच्यात फरक काय हो? पुढे इंटरव्ह्यूला विचारतात म्हणे." मी सांगितला. साल कशी ओळखायची तेही सांगितलं. तो उंची मापायच्या फळीखाली उभा राहिला आणि पास होऊन पलीकडे गेला.

मी उभा राहिलो. फळी खाली आली, डोक्याला टेकली.

"कमी आहे," मापणारा म्हणाला.

"साहेब, परत एकदा बघा ना."

त्याने परत मापलं. अगदी नीट, टाचा बघून, मान सरळ करून. बोटभरच, पण कमीच. तो शिव्या घालता तर बरं झालं असतं.

"साहेब, मी वनशास्त्राचा पदवीधर आहे."

"मग?" तो म्हणाला आणि पुढच्याला हात केला.

चार वर्षं शिकवलं कशाला, हे विद्यापीठाने सांगावं. मी आता बिल्डरांच्या गेटवर शोभेचे ताड लावून देतो.

बाहेर आलो. बाबांनी माझं तोंड बघितलं. काकांनी चहा पाजला. टेम्पोत चढलो आणि सवयीने म्हणा, अंगातलं त्राण गेलं म्हणून म्हणा, गादीवर आडवा झालो. बाबा पुन्हा डोक्याशी बसले. घोडबंदरचे खड्डे सुरू झाले तसे त्यांचे हात आपसूक माझ्या डोक्याकडे आले, मध्येच थांबले आणि परत मांडीवर गेले.

"माझ्यावर गेलास रे," ते म्हणाले. मग बाहेर बघत, "आता उठून बसलास तरी चालेल."