सव्वाआठची गाडी आणि पाचवा पर्याय

सातही मुलांच्या पेपरांत एकच उत्तर होतं: सव्वाआठ. मी सातही चूक दिले. गावंडे सरांनी सातही बरोबर केले.

"मॅडम, गाडी सव्वाआठलेच पोचते. साऱ्या मंगरूळपीरले माहीत हाय."

सर क्लासचे मालक. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या वडिलांची बदली इथे झाली आणि मी त्यांच्याकडे शिकवायला लागले. पाटीवर त्यांनी 'इंग्लिश मीडियमच्या मॅडम' असं रंगवून घेतलं. माझं नाव पाटीवर नव्हतं.

मॅनेजमेंटच्या प्रवेशपरीक्षेत 'डेटा सफिशियन्सी' नावाचे प्रश्न येतात. प्रश्नाखाली दोन विधानं असतात. उत्तर काढायचं नसतं. त्यासाठी दिलेली माहिती पुरते का, एवढंच सांगायचं. पहिलं विधान एकटं पुरतं, दुसरं एकटं पुरतं, दोन्ही मिळून पुरतात, कुठलंही एक पुरतं, किंवा दोन्ही मिळूनही पुरत नाहीत. हा शेवटचा पर्याय 'ई'.

सोपं जावं म्हणून मी गावचाच प्रश्न केला होता. बस सातला सुटते. कारंज्याला किती वाजता पोहोचेल? एक: अंतर बत्तीस किलोमीटर. दोन: वाटेत तीन थांबे. वेग दिलेला नाही, म्हणून 'ई'. पण त्या बसने सगळेच जात. त्यांना विधानांची गरजच नव्हती.

"सर, आपल्याला माहीत असलेलं बाजूला ठेवायचं. कागदावर आहे तेवढंच धरायचं."

"अन 'ई' म्हणजे काय? आमाले येत नाई? पालकाईले काय सांगू?"

पुढच्या आठवड्यात सायक्लोस्टाइल कागदांवर 'ई' गाळून चारच पर्याय आले. मी ते तसेच वाटले. मला 'नाही' म्हणायला वेळ लागतो. तोवर सर निघून गेलेले असतात.

कांता तेवढी क्लासनंतर थांबायची. कापड दुकानदाराची मुलगी. वडिलांनी परीक्षेला एकदाच बसायची परवानगी दिली होती. नाही जमलं तर वैशाखात लग्न. मी तिला एक पोस्टकार्ड दिलं. पहिलं विधान वाचताना दुसरं झाकायचं. मग पहिलं झाकायचं आणि विसरायचंही. दोन्ही एकेकटी अपुरी ठरली, तरच एकत्र बघायची. आणि 'ई' लिहायला लाजायचं नाही.

तिचे वडील एकदा न्यायला आले. "बाई, पोरगी घरी बी 'पुरत नाई, पुरत नाई' करून राह्यली. सोयरीक आली तरी तेच! हे शिकाले क्लास कायले पाहिजे?"

परीक्षा अमरावतीला, रविवारी बाराला. सर म्हणाले, सातची गाडी, कारंज्याहून नऊची दुसरी.

"सर, पहिली उशिरा पोचली तर?" कांताने विचारलं.

"अवं, सव्वाआठले पोचते ना!"

कांताने माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघितलं. "ई," ती हळूच म्हणाली. शनिवारीच ती वडिलांना घेऊन अमरावतीला गेली.

रविवारी पोहरादेवीची यात्रा होती. सातची गाडी तिकडे लावलेली. पुढची साडेआठला आली, तीही दारापर्यंत भरलेली. तिच्यात सर, बाकीचे सहाजण आणि मी. कारंज्याची नऊची चुकली. साडेबाराला परीक्षा केंद्राचं फाटक बंद सापडलं.

"सारं गाव सांगंल, गाडी सव्वाआठले पोचते!" सर पहारेकऱ्यावर ओरडले.

"कोणतं गाव?" पहारेकऱ्याने विचारलं.

सहाजण फाटकाबाहेर बसले. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. बघायला हवं होतं.

कांताला प्रवेश मिळाला. पाटीवर तिचं नाव लागलं, खाली 'पाचही पर्यायांची तयारी'. माहिती अपुरी आहे हे ओळखून भागत नाही, ते तोंडाने म्हणावं लागतं. त्याचे मार्क कागदावर नसतात. यंदा ते सहाजण पुन्हा बसताहेत. मी सरांना स्पष्ट सांगितलं, "आदल्या दिवशीच्या गाडीने जायचं."

सरांनी मान हलवली. "ठीक हाय. ते किती वाजता पोचते?"