पूजेला बसवलेले पट्टे

जरीपटक्याच्या बाजारामागच्या आमच्या गल्लीत प्रेमिला झलके यांच्याविषयी एक गोष्ट हमखास सांगितली जाई. कोणाच्या घरी बारसे असले की बाळाला पाळण्यात घालण्याआधी त्या स्वतः पाळण्याच्या दोऱ्यांना लोंबकळून पाहत. समोरच्या यमुताई तर तोंडावर म्हणत, "हिच्या भरवशावर राहिलं, तं पोरगं पाळण्याच्या आधी शाळेत जाईन." कोणी त्यांना वहमी म्हणे, कोणी अपशकुनी. दोन्ही शब्द त्यांच्या कानांवर आलेले होते. तरी पुढच्या बारशाला त्या पुन्हा दोऱ्यांना लोंबकळतच.

कन्हानच्या रस्त्यावर पोलादी टाक्या तयार करणारा एक कारखाना आहे. तिथले साहित्यघर प्रेमिलाबाई सांभाळत. टाक्या उचलायला लागणारे तारेचे दोर, जाड कापडी पट्टे, साखळ्या आणि आकडे त्यांच्या ताब्यात असत. सकाळी बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू त्या हातांनी चाचपून देत आणि संध्याकाळी पुन्हा चाचपूनच आत घेत. त्यांचे यजमान जितेंद्रभाऊ त्याच कारखान्यात खलाशी होते. टाकीला पट्टे बांधायचे, हायड्रा क्रेनच्या चालकाला हाताने इशारे द्यायचे आणि टाकी अधांतरी असताना तिला अडकवलेली दोरी धरून तिची दिशा सांभाळायची, हे त्यांचे काम. बायकोने तपासून दिलेला पट्टा ज्याच्यावर तुटेल, तो पहिला माणूस तिचा नवराच होता. घरात मात्र हे वाक्य दोघांपैकी कोणीही कधी उच्चारले नव्हते.

आदल्या वर्षी प्रेमिलाबाईंनी एका पट्ट्याबद्दल शंका घेऊन काम थांबवले होते. बाहेरून तपासनीस आला आणि पट्टा निर्दोष ठरला. त्यानंतर कितीतरी दिवस खलाशी त्यांना विचारत, "वहिनी, भाऊले घरी जेवाले बसवता तवा हेल्मेट घालून बसवता का?" जितेंद्रभाऊही सगळ्यांबरोबर हसले होते, पण त्या संध्याकाळी घरी ते ताट तसेच सारून झोपायला गेले होते. तेव्हापासून शंका आली की प्रेमिलाबाई आधी स्वतःवरच शंका घेत.

यंदा नवरात्रात आईच्या आजारपणामुळे त्या मौद्याकडे माहेरी गेल्या आणि साहित्यघराची किल्ली यजमानांकडे राहिली. खंडेनवमीला कारखान्यातली सगळी हत्यारे धुऊनपुसून पूजेला मांडतात. एकदा हळदकुंकू वाहिले, की दसऱ्याच्या सकाळी मालकांनी पूजेचा नारळ हलवून पूजा उतरवेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. मग त्याच हत्यारांनी मुहूर्ताची पहिली उचल होते. ही रीत मालक दत्तोपंत यांच्या वडिलांपासून चालत आलेली.

नवमीला दिवेलागणीच्या सुमारास प्रेमिलाबाई परतल्या, तेव्हा जितेंद्रभाऊंनी कौतुकाने मोबाइलवरचा फोटो पुढे धरला. रांगोळीवर गुंडाळून ठेवलेले पट्टे, त्यांवर झेंडूच्या माळा. प्रेमिलाबाईंनी फोटो मोठा केला. पिवळे पट्टे पार फिकटले होते आणि त्यांवर शिवलेली, किती वजन पेलते हे सांगणारी चिठ्ठी कोरी दिसत होती. कशाने धुतले, असे त्यांनी विचारले. लोखंडी भागांवरचे ग्रीस काढायची गरम कॉस्टिक सोड्याची टाकी रंगशाळेत आहे, तीत दुपारभर भिजत घातले होते, असे उत्तर आले.

"तूच तं म्हणत होती ना, पट्टे मैले ठेवून राहिले म्हणून," जितेंद्रभाऊ म्हणाले. "पाह्य आता, कसे नव्यावानी दिसून राहिले."

हे खरे होते. पट्ट्यांना माती लागू देऊ नका, धुऊन वाळवून ठेवा, असा धोशा त्यांनीच लावला होता. कशाने धुऊ नये, हे सांगायचे त्यांच्या मनातही आले नव्हते. कॉस्टिकने पट्ट्यांच्या पॉलिएस्टर धाग्याची ताकद जाते, एवढे त्यांना ठाऊक होते. किती जाते, ते ठाऊक नव्हते. पट्टा उद्या तुटेल, महिन्याने तुटेल किंवा कधीच तुटणार नाही. जेवताना त्यांनी दोनदा बोलायला तोंड उघडले आणि दोनदा भाजी वाढली.

दसऱ्याच्या सकाळी मिहानमधल्या एका प्रकल्पासाठी तयार झालेली टाकी ट्रेलरवर चढवण्यासाठी अंगणात उभी होती. रंग ताजा होता. तारेच्या दोराने तो खरवडला असता, म्हणून कापडी पट्टेच हवे होते. हायड्राच्या लांब हातालाही माळ घातलेली होती. प्रेमिलाबाईंनी दत्तोपंतांना बाजूला गाठून सारे सांगितले. ते चिडले नाहीत. काल पूजा झाली आहे, आज मनात किंतू आणू नये, चिठ्ठ्या नव्या शिवून घेऊ, असे ते समजुतीने म्हणाले. फारच वाटत असेल तर आधी टाकी वीतभर उचलून पाहू, असेही त्यांनी सुचवले. सगळ्यांना ते पटले.

प्रेमिलाबाईंना त्या वीतभर उचलण्याचीच सर्वांत जास्त भीती वाटली. पट्टा वीतभर टिकला की सगळे निर्धास्त होणार. मग टाकी ट्रेलरपेक्षा वर जाणार आणि जितेंद्रभाऊ दोरी धरून तिच्याजवळ उभे राहणार.

नारळ अजून हलला नव्हता. त्या खाली वाकल्या आणि माळ बाजूला करून त्यांनी पट्टा उचलला. मागे कोणीतरी जीभ चावली. पट्टा खळ घातलेल्या लुगड्यासारखा ताठ लागत होता. बोटांना पांढरी पूड लागली. ती धाग्याची होती की खालच्या रांगोळीची, हे कितीही चोळून सांगता येईना.

जितेंद्रभाऊ जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आज नको वं, प्रेमिला. मागच्या वर्षीचं पुरे झालं." त्यांनी पट्ट्याचे दुसरे टोक हातात घेतले आणि ते टाकीकडे वळले.

निकामी पट्टा कोणी चुकून पुन्हा वापरू नये म्हणून तो कापून टाकायचा, असा साहित्यघराचा नियम आहे. त्यासाठीची सुरी प्रेमिलाबाईंच्या पिशवीत असे. त्यांनी ती काढली आणि ताणल्या गेलेल्या पट्ट्यावर चालवली. पट्टा सहजी कापला गेला नाही. पाते दोनतीनदा अडकले, जोर लावावा लागला. आपले चुकते आहे की काय, असे त्यांच्या मनात आले, तरी त्यांनी हात थांबवला नाही. तुकडे झेंडूंवर पडले. मग त्यांनी दुसरा पट्टाही तसाच कापला.

दत्तोपंतांनी टोपी काढून हातात घेतली. "पूजेतली वस्तू, प्रेमिलाबाई," एवढेच म्हणून ते आत गेले. मुहूर्त टळला. दुपारी तारेच्या दोरांखाली गोणपाटाच्या घड्या घालून टाकी चढवली गेली. रंग दोन ठिकाणी खरवडलाच. त्या दिवशी कारखान्यात प्रेमिलाबाईंच्या हातावर कोणी सोने ठेवले नाही. परतताना जितेंद्रभाऊंनी मोटारसायकल कामठीला चहालाही न थांबवता थेट घरी आणली.

बातमी गल्लीत त्यांच्याआधी पोचली होती. संध्याकाळी यमुताई आपट्याची पाने घेऊन आल्या. पाने देऊन झाली, तरी त्या उठेनात. सणाच्या दिवशी, पूजेतल्या हत्याराला सुरी लावली म्हणतात, हे खरे का, इथून त्यांनी सुरुवात केली. जितेंद्रभाऊ पलंगावर पाठ करून बसले होते. शेवटी यमुताईंनी मनातले विचारले, "पन खरं सांग वं, तो पट्टा तुटला असता का?"

जितेंद्रभाऊंनीही मान वळवली. प्रेमिलाबाई पाने देवापुढे ठेवत होत्या. त्यांनी मागे पाहिले नाही.

"मले काय मालूम? तुटाच्या आधीच कापला ना मी त्याले."