कापसातले कथील

मुश्ताक कल्हईवाल्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. अजान होण्याआधी बायको शमीम भट्टीतली जुनी राख उपसायची आणि तो कोळसे रचायचा. उजाडायच्या आत भाता हलायलाच हवा, कारण तापलेल्या तांब्याचा रंग अंधारात नीट कळतो. भांडे कमी तापले तर कथील धरत नाही, जास्त तापले तर जळते.

चांद्याहून कोळसा खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रुखमाबाईची खाणावळ होती. तिचे तांब्याचे मोठे गंज, म्हणजे स्वयंपाकाची खोल भांडी, दर महिन्याला मुश्ताककडे येत. आधी गंजात उभे राहून वाळू आणि राखेवर पाय घासत कंबर फिरवायची, आतला हिरवा थर निघेपर्यंत. मग गंज तापवायचा, नवसागर टाकायचा, कथील टेकवायचे आणि ते पाण्यासारखे झाले की कापसाच्या बोळ्याने सगळीकडे फिरवायचे. हात थांबला की डाग राहिला. मुश्ताकचा हात थांबत नसे.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात खाणावळीत जेवणाऱ्यांची पोटे दुखू लागली. रुखमाबाईचे हाल सगळ्यांत वाईट. अंबाडीची भाजी ती रोज करायची, चव घ्यायची आणि बुडाशी चिकटलेली स्वतः खायची. तिचा उजवा हात मनगटातून लोंबू लागला. भाकरी थापता येईना. दवाखान्यातल्या डॉक्टरने तिच्या हिरड्यांवरची निळी रेघ पाहिली आणि गंजातली भाजी बाटलीत भरून नागपूरच्या प्रयोगशाळेत धाडली. उत्तर आले: भाजीत शिसे आहे.

रुखमाबाई तडक भट्टीवर आली.

"मुश्ताकभाऊ, आमाले शिसं चारलंस ना रे?"

"बाई, कांडी वाकवून आयकल्याशिवाय मी विकत घेत नाई." त्याने कथिलाची कांडी तिच्या कानाशी नेऊन वाकवली. कांडी करकरली. "आयकलं? शिसं असतं तर मुकी राह्यली असती."

"तुही कांडी बोलते. माहा हात काऊन बोलत नाई मंग?"

मुश्ताकने कांडी खाली ठेवली. इज्जत जायची वेळ आली होती. त्याने ठरवून टाकले, चोर तो सोमाजी, कथील विकणारा. भर बाजारात त्याच्या दुकानासमोर उभा राहून त्याने त्याला तसे म्हटले.

सोमाजी गादीवरून हलला नाही. "तूच वाकवून, कानाले लावून नेते ना? नवरी पाहाले आल्यावानी पाहाते एकेक कांडी. आता मले काऊन बोंबलून राह्यला?"

लोक हसले. मुश्ताकने नागपूरची गाडी धरली. डॉक्टरने सांगितले होते, भांड्याला जे जे लागते ते सगळे घेऊन जा. त्याने सोमाजीची नवी कांडी घेतली, नवसागर घेतला, आणि शमीमने ज्यात कथिलाचे थेंब साठवले होते ती डबीही घेतली.

ते थेंब म्हणजे त्याच्या कसबाची शान होती. पुसून झालेल्या बोळ्यांत कथील अडकून राहते. दुसरे कल्हईवाले बोळे फेकून देत. शमीम ते जाळून राखेतून एकेक थेंब वेचायची आणि मुश्ताक गंजाच्या पहिल्या हाताला ते थेंब वापरायचा.

प्रयोगशाळेत गुणवंतराव नावाचे केमिस्ट होते. त्यांनी कार्बनच्या कांडीच्या खळग्यात कथिलाचा कीस ठेवला आणि वीज सोडली. डोळे दिपवणारा उजेड पेटला. तो लोलकातून जाऊन फोटोच्या काचेवर पडला. काच धुतल्यावर तिच्यावर बारीक काळ्या रेघा दिसल्या.

"प्रत्येक धातूच्या रेघांची जागा ठरलेली आहे," ते म्हणाले. "ही तुमची कांडी. कथील चोख आहे."

मुश्ताकचे तोंड उतरले. त्याला तिथे शिसे हवे होते.

मग डबीतल्या थेंबांची पाळी आली. गुणवंतरावांनी थेंबांच्या काचेशेजारी जाळलेल्या भाजीच्या राखेची काच धरली. दोन्हींवर एकाच जागी शिशाच्या रेघा होत्या. थेंबांच्या जाड, भाजीच्या बारीक.

"हे थेंब कुठले?"

"माह्या कापसातले."

"त्या कापसाने आणखी काय पुसता?"

मुश्ताकने डबीकडे पाहिले. बाजाराच्या दिवशी तो तुपाच्या डब्यांचे सांधे झाळ वितळवून जोडायचा आणि कापसाने पुसायचा. झाळेत निम्मे शिसे असते, हे त्याला पोरवयापासून ठाऊक होते. तोच कापूस, तोच ढीग, तीच राख. विकत आणलेल्या मालावर त्याने जन्मभर संशय घेतला. घरच्या मालाला कधी कान लावला नाही.

"थोडंसंच असन, साहेब."

"थोडंसंच पाहायला तर हे यंत्र आहे."

घरी येऊन तो शमीमला म्हणाला, "बोळे जाळत नको जाऊ."

"थेंब वाया गेला तं बोंबलत होते तुमी," ती म्हणाली. "राखीत बोटं माही भाजली."

दुसऱ्या दिवशी मुश्ताक सोमाजीच्या दुकानी गेला.

"माल तुहा चोख होता. चूक माही हाय."

"हळू काऊन बोलते? चोर मोठ्यानं म्हटलं होतं."

मुश्ताकने रस्त्याकडे तोंड करून मोठ्याने सांगितले. त्यानंतर महिनाभर भट्टीवर कोणाचे भांडे आले नाही. खरे बोलला म्हणून कोणी पाठ थोपटली नाही. सोमाजीने कथील विकायचे थांबवले नाही, पण त्याला उधारीवर द्यायचे थांबवले.

रुखमाबाईच्या पोटाची कळ गेली. मनगट पुरते उचलले गेले नाही. भाकरी थापायला तिने बाई ठेवली आणि तांब्याचे गंज मोडीत काढले.

"तुह्यावर राग नाई, भाऊ," ती म्हणाली. "पन तुह्या हातचं भांडं आता नको."

लोखंडी पंख्याची भट्टी घ्यावी, शमीमचे भाता ओढणे सुटावे, म्हणून मुश्ताकने कल्हईच्या कमाईतून पैसे बाजूला ठेवले होते. ते सगळे घेऊन तो बाजारात गेला आणि रुखमाबाईच्या खाणावळीसाठी मोठे गंज विकत घेतले. डोक्यावरून स्वतः वाहून नेले. ॲल्युमिनियमचे होते, ज्यांना कल्हई लागत नाही.