ऑगस्टची चिठ्ठी

आमच्या पुस्तकभिशीविषयी चार शब्द लिहून द्या, असं मंडळींनी सांगितलं. भिशी सुरू करणारा मी, म्हणून हा मान माझा. अलीकडे आलेल्या सभासदांना तेवढंच माहीत आहे की सरांनी भिशी सुरू केली. सरांनी त्या भिशीत दोन वर्षं काय केलं, ते जुन्यांनी पोटात घातलं आणि भिशीच्या वहीतही कुठे आलेलं नाही. ते आधी सांगतो.

पुण्यात तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवून मी आणि बायको लंडनजवळ वॉटफर्डला मुलाकडे राहायला आलो. दोन हजार दोन-तीनचा सुमार असेल. इथे पुस्तकं मुबलक नव्हती. सुटीवरून परतणारा प्रत्येक जण लोणच्याच्या बरणीशेजारी दोन-तीन कादंबऱ्या कोंबून आणायचा आणि त्या त्याच्याच घरी पडून राहायच्या. म्हणून मी भिशी काढली. बारा घरं, बारा चिठ्ठ्या, एक स्टीलचा डबा. दर महिन्याला एका शनिवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जमायचं आणि पुढच्या महिन्याची चिठ्ठी काढायची. ज्याची निघेल त्याने आपलं आवडतं पुस्तक आणायचं, ते का वाचावं हे सांगायचं. मग ते पुस्तक घरोघर फिरायचं. एकदा निघालेली चिठ्ठी त्या फेरीत परत डब्यात नाही. फेरी सप्टेंबरात सुरू होऊन ऑगस्टात संपे.

ऑगस्टात शाळांना सुटी. अर्धी मंडळी भारतात, उरलेली पोरांना घेऊन समुद्रावर. ऑगस्टचं पुस्तक फिरायला घरंच उघडी नसत.

बारांतले एक गृहस्थ लंडनच्या पश्चिमेच्या हाउन्सलोहून येत. मूळचे नागपूरचे, विमानतळावर मालाच्या गोदामात काम. गाड्या बदलत बदलत पोचायचे, तरी सगळ्यांत आधी हजर. ते विज्ञानकथा वाचत, आणि जवळजवळ फक्त विज्ञानकथाच. पहिल्याच बैठकीत त्यांनी एक सुचवली तेव्हा मी म्हणालो, "ही यानं-बियानं मुलांना ठीक आहेत. साहित्य म्हणजे माणसाबद्दल असतं."

"सर, तुम्ही अशा किती वाचल्या?" त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं.

मी एकही वाचली नव्हती. तसं सांगावं लागलं आणि सगळे हसले. तेही हसले, पण त्यात टोमणा नव्हता. मला मात्र तो लागला.

चिठ्ठ्या मी लिहीत असे, डबाही माझ्याकडेच. डब्यात अकराच चिठ्ठ्या टाकल्या. बारावी माझ्या शर्टाच्या खिशात. शेवटची उरली ती त्यांची, म्हणजे ऑगस्टची. त्या शनिवारी ते आले, पुस्तक घेऊन. आम्ही दोघं आणि यजमान, एवढेच होतो. चहा पिऊन, पुस्तक पिशवीत घालून ते परत गेले. वहीत मी लिहिलं, 'ऑगस्ट : बैठक झाली नाही.' पुढच्या वर्षी पुन्हा तेच केलं.

त्या दुसऱ्या वर्षी चिठ्ठी खिशातच राहून शर्टाबरोबर मशीनमध्ये गेली. बायकोने ती रेडिएटरवर वाळवली आणि माझ्या चष्म्याखाली ठेवली.

"मास्तर होतात ना?" ती म्हणाली. "मुलगा रोज वर्गात येतोय आणि तुम्ही हजेरीत गैरहजर लावताय."

त्या दुसऱ्या ऑगस्टात त्या गृहस्थांनी जाताना पुस्तक आमच्याकडे ठेवलं. पुठ्ठ्याच्या खोक्यावरच्या खाकी कागदाचं नीट कव्हर घातलेलं. "असू द्या, सर. पाहा कधी जमलं तर."

मुलगा-सून भारतात गेलेली, माझ्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. घरातलं बाकी सगळं वाचून संपलं होतं. नाइलाजाने ते उघडलं.

एक यान पृथ्वीपासून लांब लांब चाललंय. यानातला मिस्त्री आईला निरोप पाठवून विचारतो, पिठल्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काय करू? अंतर इतकं की आईचं उत्तर यायला अकरा वर्षं लागतात. 'पीठ आधी गार पाण्यात कालवून घे.' तोवर त्याच्या मुलीला गुठळ्यांचंच पिठलं आवडायला लागलेलं असतं. तो आईला उलट निरोप पाठवतो, तुझ्यासारखंच झालं.

मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेलो.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. आज पिठलं कर."

सप्टेंबरच्या बैठकीत मी ती धुतलेली चिठ्ठी सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली आणि दोन वर्षं काय केलं ते सांगितलं.

हाउन्सलोच्या गृहस्थांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली. "काहून, सर?"

"पहिल्या दिवशी तुमच्यामुळे लोक मला हसले, म्हणून."

"बाप्पा! आणि मी बायकोला सांगून राहिलो होतो, आपल्या नशिबातच ऑगस्ट लिहिलाय."

हशा झाला. मला हायसं वाटलं, पण ते चहापर्यंतच. चहाच्या वेळी त्यांच्या बोलण्यात सहज आलं, की ऑगस्टातला तो शनिवार मोकळा मिळावा म्हणून त्यांनी सोबत्याशी पाळी बदलून घेतली होती आणि त्या बदल्यात दोन्ही वर्षं ख्रिसमसला ते गोदामात होते. घरी लहान मुली. माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली.

तेच म्हणाले, "असं करू, सर. पुढच्या महिन्यात माझंच पुस्तक. पण ते का वाचावं, हे तुम्ही सांगायचं. मी बसून ऐकतो."

ऑक्टोबरात मी उभा राहून बोललो. तीस वर्षं वर्ग घेतले, पण इतकी तयारी कधी केली नव्हती. ते पुढच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले होते. मध्येच म्हणाले, "सर, शेवट सांगू नका!" पुस्तक बाराही घरांत फिरून आलं तेव्हा कव्हरवर हळदीचे डाग होते. त्या ख्रिसमसला ते घरी होते. मुलींनी फोनवर मला एक गाणंही ऐकवलं.

वहीतल्या दोन्ही ऑगस्टांपुढची ओळ मी आज खोडली आणि लिहिलं, 'पुस्तक आलं होतं. सरांनी फिरू दिलं नाही.' नव्या सभासदांना माझी शिफारस त्याच पुस्तकाची. कपाटात खालच्या कप्प्यात आहे, खाकी कव्हर.

डबा आता हाउन्सलोला असतो. यंदाची फेरी सुरू होऊन नऊ महिने झाले, माझी चिठ्ठी अजून निघालेली नाही. दर महिन्याला ते डबा हलवतात, माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "नशीब, सर." मी काही विचारत नाही. ऑगस्टातले सगळे शनिवार मोकळे ठेवले आहेत. पुस्तकही निवडून ठेवलंय. त्यातही एक यान आहे.