श्रद्धांजलीतला मोठा फोटो

टीव्हीवर वर्षानुवर्षं मलम विकणारे जाहिरातीतले आजोबा गेले आणि सगळं पनवेल हळहळलं. मी तर रोडपालीच्या नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्सच लावायला घेतला. खाली 'शोकाकुल' म्हणून मी हवाच होतो. "माझा फोटो जरा मोठा ठेव," असं छापणाऱ्याला बजावलं. मोठा फोटो मयताचा, एवढंच त्याला पाठ. रविवारी पाहतो तर हार माझ्या गळ्यात आणि आजोबा शोकाकुल!

घरी आलो, तर नेहमीची मासेवाली दारावरून तशीच पुढे निघालेली.

"मावशी, माझी पापलेटं?"

"नाय दादा. फ्लेक्स पायला मी. तेरा दिस तुमच्याकडं मच्छी नाय."

"अगं, मी जिवंत आहे!"

"ते दिसतंय. पन सुतक ते सुतक."

पापलेटं शेजाऱ्यानं घेतली आणि वर मलाच म्हणाला, "धीर धरा."