रोज सकाळी परदेशी जाणारे मामा

माझ्या नवऱ्याचे मामा हे रोज सकाळी दूध आणायला परदेशी जाणारे पृथ्वीच्या पाठीवरचे एकमेव गृहस्थ असावेत. आता तुम्ही म्हणाल, बाई काहीही फेकतायत. अजिबात नाही. मामा राहतात स्कॉटलंडात, ट्वीड नदीच्या काठी, आणि नदीच्या पलीकडे इंग्लंड. मधे एक जुना दगडी पूल. मामांच्या बाजूला दूध मिळणारी चांगली तीन दुकानं आहेत, पण मामा त्या तिन्हींवरून सरळ पुढे जातात, पूल ओलांडतात आणि इंग्लंडातल्या जॉर्जच्या शेतावरच्या दुकानातून एक बाटली घेऊन येतात. का, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "आमच्या वेळी नागपुरातून कोणी फॉरेनला निघालं का अख्खं खानदान स्टेशनवर रडायला यायचं. आता मी सपाता घालून जातो अन् चहाच्या आत परत येतो. हे सोडू काहून?" परत आले की फॅमिली ग्रुपवर एका शब्दाचा मेसेज पडतो, 'परतलो.' मामी गेल्या तेव्हापासून त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या नणंदबाईंनी, घालून दिलेला हा नियम. आठ वाजून दहा मिनिटांनी 'परतलो' आलं की लंडनजवळ वॉटफर्डला ती आणि एडिनबरात आम्ही दोघं ग्रुपवर अंगठ्याचं चित्र टाकतो आणि आपापल्या कामाला लागतो.

गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही कधीतरी तिथे जाल, मामा तुम्हाला गाठतील आणि मग तुमची सुटका नाही. वास्तविक गाव ते केवढं! एक हाय स्ट्रीट, एक चर्च, एक फिश अँड चिप्स, नदीकाठची एक पायवाट. धावत गेलं तर चहा निवायच्या आत बघून होतं. मामांबरोबर तीन तास लागतात. पुलाच्या अलीकडच्या टोकाला एक ठेंगणं घर आहे. जुन्या काळी इंग्लंडात आईबापांनी नाही म्हटलं की प्रेमात पडलेली जोडपी पळत पूल ओलांडायची, कारण स्कॉटलंडात आईबापांची संमती लागत नसे, आणि या घरात उभ्या उभ्या लग्न लावून मोकळी व्हायची. आमच्या लग्नाच्या वेळी दोन्ही घरांनी पत्रिकेवरून दोन वर्षं घोळ घातला होता, हे मामांना ठाऊक. त्यांनी आम्हाला त्या घराच्या दारात उभं केलं, फोटो काढला आणि म्हणाले, "मला एक फोन करायचा होता ना बे. पाच मिनिटांत उरकलं असतं." नदीत कंबरभर पाण्यात उभं राहून सामन मासे पकडणाऱ्या लोकांकडे बोट दाखवून ते म्हणतात, "तो पाहा, एक पाय स्कॉटलंडात, एक इंग्लंडात. अन् माशाला विचारा तू कुठला, तर सांगत नाही!" हा विनोद मी निदान चाळीस वेळा ऐकलाय. चाळीसही वेळा आधी स्वतः मामाच हसलेत.

या सीमेवर ना शिपाई, ना फाटक. इकडून एक पाटी, तिकडून एक पाटी, बस्स. पण मामा तिला कायम 'आंतरराष्ट्रीय सीमा' म्हणतात आणि कोटाच्या आतल्या खिशात पासपोर्ट ठेवतात. माझं नवीन लग्न झालेलं, मी पुण्याहून नुकतीच आलेली, आणि यांचा फोन आला, "सूनबाई, रविवारी या. सीमा ओलांडायची आहे. कागदपत्रं घेऊन ये." व्हिसावर आलेल्या माणसाला 'कागदपत्रं' हा शब्द ऐकवून बघा एकदा. मी अख्खी फाईल घेऊन गेले. पासपोर्ट, व्हिसाचं कार्ड, ऑफिसचं पत्र, लग्नाचा दाखला, वर दोन फोटो. मामांनी पुलाच्या तोंडाशी भर वाऱ्यात चष्मा लावून एकेक कागद वाचला, फोटो माझ्या चेहऱ्याशी ताडून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, "जा. पण चहाला परत यायचं." मी इंग्लंडात पोचले तेव्हा मागे माझा नवरा कठड्याला धरून हसत होता. परतीची गाडी पकडायला बेरिक स्टेशनात पोचेपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. मामांवर मात्र रागावता आलं नाही, कारण ते तोवर माझ्यासाठी दुकानातून गरम स्कोन, म्हणजे लोणी लावून खायचे गोडसर पाव, घेऊन आले होते.

नोकरीभर मामा गावचे केमिस्ट होते. कुणाचं काय दुखतं ते सगळं त्यांना ठाऊक, आणि गुपितं राखण्यात माणूस एकदम पक्का. तोंडातून चकार शब्द नाही. पण डोळ्यांचं काय करणार? रस्त्यात कुणी भेटलं की 'हाऊ आर यू' म्हणताना मामांची नजर थेट त्या माणसाच्या दुखऱ्या भागावर जाऊन बसते. एकाच्या पोटावर, एकीच्या डाव्या कानावर, आणि चर्चच्या वादकाच्या बाबतीत तर जिथे जाऊ नये तिथे. अख्खं गाव त्यांना 'मामा' म्हणतं. माझा नवरा शिकायला आला तेव्हा दुकानात "मामा, मामा" करत फिरायचा. गावाला वाटलं हेच याचं नाव. खरं नाव आता फक्त पासपोर्टात उरलंय.

पण मामांचं खरं तेज बघायचं तर दसऱ्याला. नागपुरात लहानपणी हे वस्तीच्या टोकाचा नाला ओलांडून सीमोल्लंघन करायचे. इथे आल्यावर पहिल्याच दसऱ्याला त्यांच्या लक्षात आलं की बाकीच्या मराठी जगाला ज्यासाठी कुठली तरी वेस शोधावी लागते, ती आपल्याकडे दारात आहे, तीही दोन देशांमधली! तेव्हापासून एकही दसरा चुकलेला नाही. आपट्याची पानं कुठून आणणार? मग बर्चच्या झाडाची पिवळी पानं वेचायची, औषधांच्या जाडजूड पुस्तकात दाबून वाळवायची, आणि सदरा, कोट, टोपी असा सगळा जामानिमा करून पूल ओलांडायचा. पलीकडे जॉर्ज वाट बघत असतो. त्याला पान द्यायचं, मिठी मारायची. पुलाच्या मधोमध कठड्यात एक काळपट दगड आहे. त्यावर काही लिहिलेलं नाही, पण मामांच्या मते सीमा बरोबर त्यातून जाते. नणंदबाई लहान असताना मामा तिथे थांबून तिचा हात धरायचे आणि ओरडायचे, "मार उडी! इंग्लंड!" साथीच्या वर्षी सरकारने सांगितलं, कारणाशिवाय पलीकडे जाऊ नका. मामा कायद्याला धरून. ते त्या दगडाच्या अलीकडे उभे राहिले, जॉर्ज पलीकडे लांब उभा राहिला आणि त्याने मासे उचलायची लांब दांड्याची जाळी पुढे केली. जाळीतून सोनं गेलं आणि जाळीतूनच आल्याच्या बिस्किटांचा पुडा आला. मामी काठावर उभं राहून म्हणत होत्या, "वेडे आहेत हो, दोघंही." त्यांचा तो शेवटचा दसरा ठरला.

या फेब्रुवारीत मामा बर्फावरून घसरले, त्याच पुलावर. जॉर्जने उचलून घरी आणलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि नणंदबाईंचा संयम संपला. तिची बाजूही खोटी नव्हती. मामा घसरले तेव्हा ती सहा तास गाडी चालवत आली होती आणि सहाही तास रडत होती, हे तिनेच मला सांगितलं. वॉटफर्डच्या घरात खालच्या मजल्यावर तिने बाबांसाठी खोली तयार ठेवलेली. "बाबा, तिथे मंडळ आहे, भजन आहे, तुमची डॉक्टर दोन मिनिटावर आहे. इथे काय आहे?" मामा म्हणाले, "सीमा आहे." ती म्हणाली, "बाबा, हे फनी नाहीये." शेवटी घासाघीस होऊन ठरलं. दसऱ्याला मामांनी काठी न घेता, कुणाचा हात न धरता, मधे न थांबता पूल ओलांडून पलीकडचं टोक गाठायचं. गाठलं तर एक वर्ष गावात. नाही गाठलं तर वॉटफर्ड. मामांनी शब्द दिला. पंच म्हणून मला नेमलं. मी चिडले, कारण मला यात पडायचंच नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते जायला नको होते. या देशात मला माहेर नाही. दर दुसऱ्या रविवारी ज्या घरात मी पाय पसरून बसते आणि "मामा, वी कप चहा" असा इवलासा कप त्यांच्याच स्कॉटिश भाषेत मागते, ते एवढंच.

दसऱ्याला ऊन पडलं होतं. मामा टोपी घालून निघाले. मागे मी, नवरा आणि फोन हातात धरून नणंदबाई. पलीकडच्या टोकाला जॉर्ज दुधाची बाटली घेऊन उभा. पहिला भाग मामा असे काही ताठ चालले की मला वाटलं, जिंकलो आपण. मग पावलं आखूड व्हायला लागली. एक लॉरी गेली आणि मामांनी कठड्याला हात लावला. दगडाजवळ आले आणि थांबले.

मी घाईघाईने म्हणाले, "नदी बघतायत ते. नदी बघणं म्हणजे थांबणं नव्हे."

"सूनबाई," मामा मागे न बघता म्हणाले, "पंचानं असं नाही करायचं. थांबलो मी. गुडघा नाही म्हणून राहिला." मग त्यांनी खिशातून एक पान काढलं आणि मुलीच्या हातात ठेवलं. "घे, सोनं घे. सोन्यासारखी राहा. शब्द दिला होता, येतो वॉटफर्डला."

त्यांचा आवाज इतका शहाण्यासारखा मी कधी ऐकला नव्हता. मला तो मुळीच आवडला नाही. मी सरळ रडायला लागले.

"यू ऑल राइट, मामा?" पलीकडून जॉर्ज ओरडला आणि चालत आमच्याकडे यायला लागला.

नणंदबाई त्या पानाकडे बघत होती. मग म्हणाली, "बाबा, बॉर्डर कुठे आहे?"

"ही काय. पायाशी."

"मग पोचला ना तुम्ही. सीमोल्लंघन म्हणजे बॉर्डर क्रॉस करायची. पलीकडच्या टोकाला जायची असं कोण म्हणाला?"

तूच म्हणालीस, हे माझ्या जिभेवर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी जीभ आवरली. वॉटफर्डमध्ये भल्याभल्यांना मीटिंगमध्ये गप्प बसवणाऱ्या माझ्या नणंदबाईने फोन खिशात टाकला, बाबांचा हात धरला आणि म्हणाली, "मार उडी." स्वतः मारली, दोन्ही पाय जुळवून, खिशातल्या किल्ल्या खुळखुळवत. मामांना उडी कुठली जमणार? त्यांनी एक पाय उचलून पलीकडे ठेवला, मग दुसरा. "इंग्लंड!" ती ओरडली. तोवर जॉर्ज पोचला होता. काय झालं ते त्याला कळलं नाही, पण त्याने दुधाची बाटली काखेत मारून टाळ्या वाजवल्या. मामांनी त्याला सोनं दिलं, मिठी मारली आणि मग रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसला.

"एक वर्ष," नणंदबाई बोट दाखवत म्हणाली. "फक्त एक."

जॉर्जने त्यांना मासेमाऱ्यांचं घडीचं स्टूल दिलंय. आता मामा ते घेऊन निघतात, दगडाजवळ थोडं बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या दुखण्याकडे बघून 'हाऊ आर यू' विचारतात आणि मग पुढे जातात. 'परतलो' पूर्वी आठ दहाला यायचं. दिवाळीत साडेआठला यायला लागलं, नंतर पावणेनऊला. मी एडिनबरातल्या ऑफिसात लॅपटॉप उघडून बसते, पण तो एक शब्द आल्याशिवाय पहिलं ईमेल वाचत नाही. नणंदबाईही तिकडे ट्रेनमध्ये फोन हातात धरूनच उभी असते. आम्ही एकमेकींना तसं कधी सांगितलेलं नाही, पण तिचा अंगठा आणि माझा अंगठा एकाच क्षणी पडतो, त्यावरून कळतं.

तो शब्द यायचा नाही अशा सकाळचा विचार मी करत नाही. आज आला. नऊ वाजून सात मिनिटांनी.